नव्या स्पीकरला भोक पडलं : रिवर्क की रिजेक्शन?

(एपिसोड ऐकायला वेळ नाही, किंवा गाडीत बसून हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन वाचायचंय, अशा मित्रांसाठी हे लिखित रूप. बोलताना झालेले 'म्हणजे', 'काय ना' थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा एपिसोड एका आवाजापासून सुरू होतो. तो आवाज म्हणजे 'फस्स'. पापडात बोट घातल्यावर येतो ना, तसा.

झालं असं, की माझ्या रूममेटने सेकंड हँड गाडी घेतली. आम्ही राहतो निघोज्यात, दोघंही कंपनीत शिफ्टला. पुढच्या शनिवारी आईला गाडीतून पंढरपूरला न्यायचं असं त्याने घरी सांगून टाकलेलं. गाडीतले जुने स्पीकर फाटलेले होते, म्हणून त्याने साडेसहा इंची स्पीकरची जोडी आणली, अडीच हजारांची. फिटिंगचे पैसे वाचवायचे म्हणून मी म्हणालो, "भावा, मी बसवतो, त्यात काय एवढं!"

रविवार दुपार. पहिला स्पीकर व्यवस्थित बसला. दुसऱ्याचा शेवटचा स्क्रू आवळताना स्क्रू ड्रायव्हर घसरला आणि थेट कोनमध्ये घुसला. रूममेट खाली चहा आणायला गेला होता. खरं सांगतो, पहिला विचार काय आला? वरची जाळी लावून टाकू, कोणाला दिसणार आहे!

आता गंमत बघा. आपण राहतो कुठे? गावाच्या हद्दीतच महिंद्राचा प्लांट. त्यांच्या चाकणला बनणाऱ्या बीई सिक्स आणि एक्सईव्ही नाइन ई या इलेक्ट्रिक गाड्यांच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये 16 स्पीकर असतात. आजूबाजूला शेकडो व्हेंडर कंपन्या. इथल्या कुठल्याही पोराला विचारा, पीस खराब झाला तर काय करायचं? तो झोपेतही सांगेल : बाजूला काढायचा, लाल टॅग लावायचा, सुपरवायझरला सांगायचं. मग ठरतं रिवर्क की रिजेक्शन. चूक केली म्हणून बोलणी बसतात, पण खराब पीस गुपचूप पुढे ढकलला तर जास्त बसतात. आणि मी तेच करायला निघालो होतो.

तो चहा घेऊन आला तेव्हा सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. मग म्हणाला, "आता बघ काय होतंय ते." तर काय होतं, ते आज बघू.

आधी समजून घ्या, नेमकं काय फाटलं

स्पीकर म्हणजे जादू नाही. मागे गोल चुंबक. त्याच्या मध्यभागी बारीक गोल फट. त्या फटीत तांब्याच्या तारेचं वेटोळं तरंगत असतं, त्याला व्हॉइस कॉइल म्हणतात. गाण्याचा करंट कॉइलमधून गेला की ती पुढे-मागे हलते. कॉइलला चिकटलेला कोन हवा ढकलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. कोनच्या बाहेरच्या कडेला रबरची किंवा फोमची लवचीक पट्टी असते. टर्मिनलपासून कोनपर्यंत वेणीसारख्या दोन मऊ तारा जातात. ही रचना राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन इंजिनिअरांनी 1925 मध्ये मांडली. आज 100 वर्षांनंतरही तुमच्या गाडीत मूळ कल्पना तीच आहे.

महत्त्वाचं काय, तर कोन हा फक्त हवा ढकलणारा पडदा आहे. त्याला भोक पडलं म्हणजे स्पीकर मेला असं नाही. कॉइल किंवा फ्रेमला मार लागला असेल तर मात्र विषय गंभीर.

तीन तपासण्या, पाच मिनिटं

इग्निशन बंद करा, स्पीकर बाहेर काढा आणि त्याच्या वायरी सोडवा. दारात पिवळा कनेक्टर दिसला तर त्याला हात लावू नका, तो एअरबॅगचा असतो.

*एक : मल्टीमीटर.* कारचे स्पीकर बहुतेक 4 ओहमचे असतात. मीटरवर साधारण 3 ते 4 च्या मध्ये काहीतरी दिसलं की कॉइल जिवंत आहे. काहीच रीडिंग नाही, तर कॉइल तरी तुटली आहे किंवा ती वेणीसारखी तार.

*दोन : घड्याळाचा सेल.* दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या टर्मिनलला क्षणभर लावा. 'टक' आवाज आला पाहिजे. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर यायला हवा. जोडताना प्लस-मायनस उलटं झालं की दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध हलतात आणि बेस गायब होतो. कितीतरी वेळा 'स्पीकर खराब आहे' ही तक्रार एवढीच असते.

*तीन : बोटं.* दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवा आणि अगदी हलकं, समान दाबा. गुळगुळीत हलला तर उत्तम. खरखर आली तर कॉइल फटीत घासतेय.

खरखर आली की लगेच रिजेक्शन करू नका. स्पीकर दारावर बसलेला असताना खरखरतो आणि काढून हातात घेतल्यावर नाही, असं असेल तर तुमचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळलेत आणि फ्रेम पिळली गेली आहे. स्क्रू सैल करा आणि चाकाचे नट आवळतो तसे समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. दाराला नवीन भोकं पाडली असतील तर लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटलेला असू शकतो. तो चिकटपट्टीने उचला. हवेचा प्रेशर मारू नका, कीस थेट फटीत जाऊन बसतो.

आमच्या स्पीकरचं मीटरवर रीडिंग 3.6, सेलवर टक, बोटांना गुळगुळीत. म्हणजे जखम फक्त कागदाला. रिवर्क!

कागदी कोनची दुरुस्ती

सामान सगळं घरचं : फेविकॉल, चहाची टी-बॅग, इअरबड, लहान ब्रश.

इथे एक पाटी लावतो : फेव्हीक्विक नको. तो सुकल्यावर काचेसारखा कडक होतो. कोन सेकंदाला शेकडो वेळा हलतो, त्यामुळे कडक डागाच्या कडेला नवीन चीर जाते. शिवाय तो पाण्यासारखा पातळ, ओघळून कॉइलपर्यंत पोहोचला तर संपलं.

आता क्रम. फाटलेले ओठ इअरबडने मागून हळूच पुन्हा एका पातळीत आणा. टी-बॅग रिकामी करा, तिचा कागद पातळ पण चिवट असतो. चिरेपेक्षा चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर मोठा तुकडा घ्या. कात्रीने कापू नका, हाताने फाडा, म्हणजे कडा विरळ होऊन कोनमध्ये मिसळतात. दोन भाग फेविकॉल, एक भाग पाणी. कोनच्या मागून पातळ थर, त्यावर कागद, त्यावर पुन्हा पातळ थर. भोक मोठं असेल तर पुढूनही एक ठिगळ.

सगळ्यात मोठा मोह म्हणजे 'अजून थोडं लावू, पक्कं होईल'. नको. कोन जड झाला की आवाज दबतो. आपण चप्पल शिवत नाही आहोत.

मग 24 तास तसाच ठेवा. ऊन नको, हेअर ड्रायर नको. सुकल्यावर काळ्या मार्करने रंगवलं की डाग दिसतही नाही.

कोन चकचकीत प्लॅस्टिकचा असेल तर फेविकॉल सालपटासारखा निघून येतो. तिथे बारीक पॉलिश पेपरने हलकं घासून, पुसून, सुकल्यावरही लवचीक राहणारं रबरी अॅढेसिव्ह वापरा. कडेची रबर पट्टी फाटली असेल तरी लवचीक अॅढेसिव्हच, आणि थर पातळ.

तपासायला मोबाईलमध्ये टोन जनरेटरचं कुठलंही फुकट अॅप घ्या. आवाज कमी ठेवून 50 हर्ट्झपासून 200 पर्यंत हळूहळू जा. मध्येच कुठे फडफड किंवा भुणभुण आली तर ठिगळाची एक कड सुटलेली आहे.

रिजेक्शन कधी?

कॉइल तुटली, फ्रेम वाकली, चुंबक सरकलं किंवा कोन पाव भागाहून जास्त फाटला, तर स्वस्त स्पीकरवर वेळ घालवू नका. मोठे, महागडे स्पीकर असतील तर कोन आणि कॉइल बदलून देणारे कारागीर असतात. डीजेवाल्यांचे स्पीकर असेच पुन्हा उभे राहतात. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या परिसरात चौकशी करा. आणि बदलायचेच असतील तर जोडी बदला, नाहीतर डावा-उजवा आवाज वेगळा लागतो.

आता रूट कॉज

कंपनीत शिकलोय तर पाच वेळा 'का' विचारलंच पाहिजे. स्क्रू ड्रायव्हर का घसरला? टोक स्क्रूच्या खाचेतून निसटलं. का? टोक एक नंबर लहान होतं. कोनकडेच का गेला? कारण स्क्रू ड्रायव्हर लोखंडी आणि समोर चुंबक, तो ओढ देतोच. हात का नाही आवरला? शेवटचा स्क्रू म्हणून मी पूर्ण जोर लावला होता. कोनवर काही झाकण का नव्हतं? कारण डोक्यातच आलं नाही.

उपाय फुकटचा आहे. पुठ्ठ्याची गोल चकती कापा आणि स्क्रू आवळताना कोनवर धरा. लाईनवर याला पोका-योके म्हणतात, चूक करायची म्हटली तरी होऊ नये अशी सोय. स्पीकर ज्या खोक्यातून येतो, त्याच्याच पुठ्ठ्यातून चकती निघते.

आमचा स्पीकर मंगळवारी रात्री सेकंड शिफ्टनंतर बसवला, चकती धरून. दारातला प्लॅस्टिकचा पडदाही नीट चिकटवला, नाहीतर पावसाचं पाणी आतून स्पीकरवर येतं आणि फेविकॉलला पाणी चालत नाही. रूममेटला सांगून ठेवलंय, पुन्हा फडफडला तर नवीन जोडीचे पैसे माझे. शनिवारी तो आईला घेऊन पंढरपूरला जाऊन आला. मी विचारलं, स्पीकर कसा वाजला? म्हणाला, "आई सगळ्या रस्त्याने बोलत होती. स्पीकर लावलाच नाही."

येताना लावला होता म्हणे. दोन्ही बाजूंनी सारखा वाजला.

तुमच्या हातून असं काही फुटलं-फाटलं असेल आणि तुम्ही ते दुरुस्त केलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. भेटूया!