१३०६ पायांचा पैसा

जर्मनीतील हेर्त्सोगेनआउराख हे आउराख नदीकाठचे छोटे गाव साऱ्या जगाच्या पायांत बूट घालते. तेथल्या दास्लर बंधूंचे १९४८ मध्ये बिनसले. रुडॉल्फने ‘पूमा’ काढली, आडॉल्फने १९४९ मध्ये ‘आदिदास’. गावातही दोन तट पडले. समोरच्याच्या पायांत कोणाचे बूट आहेत हे आधी पाहायचे, मग बोलायचे. म्हणून ते ‘खाली मान घालणाऱ्यांचे गाव’ ठरले. अशा गावात एखादे गिऱ्हाईक येऊन एकदम ६५३ जोड मागू लागले तर?

वाचकहो, एवढे पाय असलेला प्राणी खरोखरच आहे, आणि तोही आपल्याच हिंदी महासागराच्या पलीकडे, पश्चिम ऑस्ट्रेलियात. मॉरिशसची कितीतरी माणसे पर्थला स्थायिक झाली आहेत. त्या पर्थच्या पूर्वेला सोन्याच्या खाणींचा कोरडा मुलूख लागतो. खनिजाच्या शोधासाठी तेथे खोल भोके पाडलेली होती. त्यांत पाला भरलेले सापळे सोडले, तेव्हा २०२० साली जमिनीखाली ६० मीटरपर्यंत हा जीव सापडला. डिसेंबर २०२१ मध्ये पॉल मॅरेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे नाव जाहीर केले : युमिलिपेस पर्सेफनी. पर्सेफनी ही ग्रीक पुराणातील पाताळाची राणी.

हात लावताच नाण्यासारखा गोल वळणारा जो ‘पैसा’, त्याच्याच कुळातला हा. गोम निराळी. ती चावते, आणि तिच्या एकेका वलयाला पायांची एकच जोडी असते; पैशाच्या बहुतेक वलयांना दोन. फ्रेंच भाषा पैशाला ‘मिल-पात’, म्हणजे हजारपायी, म्हणते खरी. पण तोवर हजार पाय कोणालाच नव्हते. कॅलिफोर्नियाचा इलाक्मे प्लेनिपेस ७५० वर थांबला होता.

हा नवा पाहुणा सायीसारखा फिकट आहे. मादीची लांबी ९५.७ मिलिमीटर, जाडी मात्र एक मिलिमीटरही नाही; जणू दोराच. अंधारात डोळे कशाला हवेत? ते नाहीतच. स्पर्शिका मोठ्या, डोके चोचीसारखे. तो बुरशीवर जगत असावा असा तज्ज्ञांचा कयास आहे.

मुलांना हिशेब घालावा. वलये ३३०, चौपट केली की १३२०. पहिल्या व शेवटच्या वलयाला पाय नाहीत, म्हणून आठ वजा. दुसऱ्या ते चौथ्या वलयांना एकेकच जोडी, म्हणून आणखी सहा वजा. उरले १३०६. कात टाकताना वलये वाढत जातात, त्यामुळे सर्वांचे पाय सारखे नसतात. दुसऱ्या एका मादीला ९९८ च होते.

काळजीची बाब एकच. ज्या भोकांमुळे हा जीव कळला ती खाणवाल्यांचीच, आणि त्याचे दुसरे घर आजवर कोठे आढळलेले नाही. डोडो गमावलेल्या बेटाला हे फोड करून सांगायला नको.

आपल्याकडे पावसात व्हरांड्यात येणारे पैसे चपलेने चिरडू नयेत. ते चावत नाहीत. कुजका पाला खाऊन त्याची माती करतात. केरसुणीने उचलून फुलझाडांच्या बुंध्याशी सोडावेत. हातात घेतलेच तर नंतर साबणाने हात धुवावेत, कारण त्यांच्या अंगातून सुटणारा रस डोळ्यांना झोंबतो.