दाताला चिकटणारे आंबट सिमेंट

ओल्या भिंतीवर रंग धरत नाही आणि ओल्या लाकडावर सरस पकडत नाही, हे मुलांनाही ठाऊक असते. मग सदैव ओल्या असणाऱ्या तोंडात दातावर बसवलेली कॅप वर्षानुवर्षे कशी टिकते? गरम चहा, बर्फाचा गोळा आणि चावतानाचा दाब हे सारे तिला सोसावे लागते. याचे उत्तर कॅप आणि दात यांच्यामधल्या सिमेंटच्या पातळ थरात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात असलेले झिंक फॉस्फेट सिमेंट खरे तर दाताला चिकटत नाही. झिंक ऑक्साइडची पूड फॉस्फोरिक आम्लात कालवली की लगदा तयार होतो. तो दाताच्या आणि कॅपच्या बारीक खाचांत शिरून कडक होतो. कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की आपण पाचर ठोकतो, तसाच हा प्रकार. म्हणूनच कॅपखालचा दात आखूड किंवा फार निमुळता असला तर ती सुटण्याची भीती असते.

चिकटवण्याची नवी वाट अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली दाखवली. दाताचे बाहेरचे कवच म्हणजे एनॅमल. त्याच्या वजनात सुमारे ९६ टक्के खनिज असते. बुओनोकोर यांनी त्यावर ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद लावून धुतले. आम्लाने पृष्ठभाग खरबरीत झाला आणि त्यावर ॲक्रिलिक रेझिनची पकड कितीतरी वाढली.

पुढे आलेल्या रेझिन सिमेंटांनी हीच युक्ती वापरली, पण कामाचे टप्पे वाढले. आम्ल लावा, धुवा, बेताने सुकवा, चिकटद्रव्य लावा आणि मग सिमेंट भरा. एनॅमलच्या आत असलेले डेंटिन तर फारच नाजूक. त्यात खनिजाबरोबर पाणी आणि कोलॅजन या प्रथिनाचे तंतू असतात. आम्लाने उघडे पडलेले हे तंतू जास्त सुकवले की त्यांचे जाळे मिटते आणि रेझिनला आत शिरता येत नाही. प्रत्येक टप्प्यावर चुकीला वाव!

हे सगळे टप्पे एकातच उरकणारे स्वयंचिकट रेझिन सिमेंट २००२ च्या सुमारास बाजारात आले. त्यातल्या काही रेणूंना फॉस्फेटचे आम्लधर्मी गट जोडलेले असतात. हे गट दाताच्या पृष्ठभागावर हलकेच क्रिया करतात आणि तेथील कॅल्शियमशी बंध जोडतात. रेणूंची दुसरी टोके एकमेकांना साखळीसारखी जोडली जातात आणि लगदा घट्ट होतो. कडेला दिव्याच्या प्रकाशाने ही क्रिया वेगाने होते. कॅपखालच्या अंधारात ती केवळ रसायनांच्या जोरावर पुरी होते.

पण येथे एक पेच आहे. कालवल्याबरोबर या सिमेंटचा सामू २ च्या आसपास, म्हणजे लिंबाच्या रसाइतका असतो. सुरुवातीला हा आंबटपणा आणि पाण्याची ओढ हवीच, नाहीतर ओल्या दाताशी सिमेंटची गाठच पडणार नाही. मात्र तेच आम्ल शिल्लक राहिले तर सिमेंट पाणी शोषते, फुगते आणि हळूहळू कमकुवत होते. म्हणून त्यात अल्कधर्मी काचेची बारीक पूड घातलेली असते. ती उरलेले आम्ल खाऊन टाकते, सामू चढत जातो आणि सिमेंटची पाण्याची ओढ कमी होते. मात्र सर्व सिमेंटांना हे सारखे साधत नाही. एका दिवसानंतर काहींचा सामू उदासीनाजवळ पोहोचतो, तर काही आम्लधर्मीच राहतात. टिकाऊपणातला फरक बराचसा येथूनच पडतो.

हे तत्त्व वर्गात सहज दाखवता येईल. थोड्या व्हिनेगरमध्ये अंड्याच्या कवचाची भरपूर पूड टाका. बुडबुडे येतील आणि काही वेळाने थांबतील. पूड तर उरलेली आहे, मग बुडबुडे का थांबले? आम्ल जवळजवळ संपले म्हणून. आता पूड अगदी चिमूटभर घेऊन पाहा. या खेपेला पूड संपेल आणि आम्ल उरेल. सिमेंट बनवणाऱ्यालाही हेच प्रमाण सांभाळावे लागते. अर्थात दाताचे खनिज मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचे असते, कवचासारखे कार्बोनेटचे नव्हे. त्यामुळे दातावर असे बुडबुडे दिसत नाहीत, हेही मुलांना सांगावे.

सोयीची किंमतही मोजावी लागते. या सिमेंटचे आम्ल सौम्य असल्याने एनॅमलवर त्याची पकड कमी पडते. तेथे आधी फॉस्फोरिक आम्ल लावले तर ती वाढते. डेंटिनवर मात्र हाच उपाय उलटतो, कारण घट्टसर सिमेंट उघड्या तंतूंच्या जाळ्यात शिरू शकत नाही. म्हणून कॅपखाली एनॅमल किती उरले आहे आणि डेंटिन किती, हे पाहूनच दंतवैद्याला सिमेंट निवडावे लागते. एकाच दाताचे दोन थर, पण दोघांना चिकटवण्याची रीत एक नव्हे.