प्रकल्प आखताना : उसाचे थकीत बिल

• विषय आणि प्रश्न वेगळे. ‘साखर उद्योगाच्या समस्या’ हा विषय. ‘तालुक्यातल्या दोन कारखान्यांनी गेल्या हंगामात पहिली उचल (उसाचा पहिला हप्ता) किती दिवसांनी दिली?’ हा संशोधनाचा प्रश्न.

• कायदा : ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे. उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज.

• एफआरपी : रास्त आणि किफायतशीर दर, २००९ पासून. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. महाराष्ट्रात तोडणी-वाहतूक यातूनच वजा होते. म्हणून हातात पडणारा आकडा कमी.

• प्राथमिक माहिती : शेतकऱ्याची मुलाखत, काट्याची पावती, बँकेचे पासबुक. पावतीवर ऊस घातल्याची तारीख, पासबुकात पैसे जमा झाल्याची. दोन्हींमधले दिवस मोजले की उशीर कळतो.

• दुय्यम माहिती : कारखान्याचा वार्षिक अहवाल, पुण्याच्या साखर आयुक्तालयाची आकडेवारी. ती माहिती अधिकारात (२००५) मागितल्यास उत्तराची मुदत ३० दिवस. वेळापत्रकात ही मुदत आधीच धरावी.

• वर्षाचा घोळ : साखर वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर, आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. एकच साखर वर्ष ताळेबंदात दोन आर्थिक वर्षांत विभागले जाते.