विश्लेषण : वाळूवर धावणारी जाड टायरची सायकल खरेच हवी का? रो-रोमुळे वसई-विरारच्या सायकलस्वारांचे गणित कसे बदलले?

भुईगाव, राजोडी, कळंब, अर्नाळा... वसई-विरारच्या किनाऱ्यांवर सुट्टीच्या सकाळी चार इंच जाड टायरच्या सायकली हमखास दिसतात. सायकलला पिशव्या बांधून दोन-तीन दिवसांच्या भटकंतीला निघणे, म्हणजेच ‘बाइकपॅकिंग’, आणि त्यासाठी जुन्या व्हॅनचे फिरत्या घरात रूपांतर करणे, हे बेतही तरुणांमध्ये रंगू लागले आहेत. मात्र यातील प्रत्येक बेतात पैसे, सुरक्षितता आणि कायदा असे तिन्ही प्रश्न आहेत. नेमके काय घ्यावे, काय टाळावे, याविषयी...

जाड टायरची सायकल म्हणजे काय?

साध्या शहरी सायकलचा टायर दीड-पावणेदोन इंच रुंद असतो. माउंटन बाइकचा साधारण दोन ते अडीच इंच. टायर ३.८ इंच किंवा त्याहून रुंद असला की तिला ‘फॅट बाइक’ म्हणतात. ही सायकल जन्मली ती दोन टोकांच्या गरजांतून. अमेरिकेतील अलास्कात बर्फावरून सायकल न्यायची होती, तर न्यू मेक्सिकोत वाळवंटातून. दोन्हीकडे चाक रुतण्याचीच अडचण होती. सुरुवातीला हौशी कारागिरांनी रुंद रिम स्वतः तयार केल्या. २००५ मध्ये ‘सर्ली’ या अमेरिकन कंपनीने ‘पग्सली’ हे मॉडेल बाजारात आणले आणि ही सायकल सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली.

ती वाळूत रुतत का नाही?

खरी करामत टायरच्या जाडीपेक्षा आतल्या हवेच्या दाबाची आहे. स्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलो वजन धरू. टायरमध्ये ६० पीएसआय दाब असेल, तर दोन्ही चाके मिळून जमिनीला जेमतेम २४ चौरस सेंटिमीटर टेकतात. दाब ८ पीएसआयवर आणला, की तेच वजन सुमारे १७८ चौरस सेंटिमीटरवर पसरते, म्हणजे जवळपास साडेसात पट जागेवर. त्यामुळे वाळूवरचा भार विभागला जातो आणि चाक वर राहते. एवढ्या कमी दाबात बारीक टायर चालवला, तर रिम थेट दगडावर आपटते. जाड टायरमध्ये हवेचे आकारमान मोठे असल्याने तो हे सहन करतो. म्हणूनच फॅट बाइक घेऊन त्यात गच्च हवा भरणाऱ्यांची सायकल वाळूत रुततेच. अशी सायकल घेतली, तर कमी दाब अचूक दाखवणारा छोटा गेज आणि हातपंपही घ्यावा लागतो.

मग रस्त्यावर अडचण कोणती?

वाळूवर जे गुण, तेच डांबरी रस्त्यावर दोष ठरतात. कमी दाबाचा टायर सतत दबतो, उसळतो आणि पायांची ताकद खातो. बाजारातील स्वस्त फॅट बाइकची फ्रेम लोखंडी असते. वजन अठरा-वीस किलोंपर्यंत जाते. वसई स्थानकातून भुईगावला जायचे, तर बहुतेक अंतर रस्त्याचेच असते, वाळू शेवटी येते. शिवाय ओहोटीच्या वेळी पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते. तिच्यावरून दोन-सव्वादोन इंची टायरची साधी माउंटन बाइकही, हवा थोडी कमी केली तर, चालते. म्हणजे फॅट बाइकची खरी गरज लागते ती सुरूच्या झाडांजवळच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत. त्या पट्ट्यासाठी पंधरा-वीस हजार रुपये घालायचे का, हा प्रश्न खरेदीआधी विचारायला हवा. खाऱ्या पाण्याचा खर्च वेगळाच. प्रत्येक फेरीनंतर सायकल गोड्या पाण्याने धुऊन, पुसून साखळीला तेल दिले नाही, तर वर्षभरात साखळी आणि बेअरिंग गंजतात.

रो-रोने काय बदलले?

वसई-विरारच्या दक्षिणेला वसईची खाडी आणि उत्तरेला वैतरणा. पश्चिमेला समुद्र. त्यामुळे इथून सायकलने बाहेर पडायचे, तर पूर्वेला मुंबई-अहमदाबाद महामार्गाशिवाय सोयीचा रस्ता नव्हता. ट्रक, कंटेनर आणि भरधाव मोटारींच्या त्या रस्त्यावर कडेने सायकल चालवणे म्हणजे जीव मुठीत धरणे. अनेकांची सायकल किनारा आणि वसईचा किल्ला यांच्यापुरतीच राहिली, ती यामुळे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली. रस्त्याने ३५ ते ४० किलोमीटरचा फेरा पाण्यावरून साडेतीन किलोमीटरवर आला. एप्रिल २०२५ मध्ये विरारच्या मारंबळपाड्यापासून वैतरणेच्या पलीकडे जलसारजवळच्या खारवाडेश्रीपर्यंत दुसरी रो-रो सुरू झाली. रस्त्याने ६० किलोमीटरचे अंतर इथे दीड किलोमीटरचे होते. पलीकडे उतरले की सफाळे, दातिवरे, एडवण, उसरणी, केळवे, माहीम अशी गावे ओळीने लागतात. महामार्ग न गाठता वाडी-बागांमधून, पानवेलींच्या मळ्यांजवळून जाणारा हा रस्ता सायकलला साजेसा आहे.

मुंबईलगतचे नवे मोठे पूल सायकलस्वाराला बंद आहेत. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सायकल चालत नाही, अटल सेतूवरही नाही. उत्तन-विरार सागरी सेतू प्रस्तावित आहे. तिथे सायकलला वाट ठेवली जाईल का, हे आताच विचारले पाहिजे. तोवर खाडी ओलांडण्यासाठी सायकलस्वाराचा आधार फेरीबोटच आहे. मात्र पाण्याची पातळी आणि हवामान पाहून फेऱ्यांच्या वेळा बदलतात. परतीची शेवटची फेरी कधी, हे निघतानाच धक्क्यावर विचारून घ्यावे. ती चुकली, तर महामार्गाचा पूर्ण फेरा किंवा सफाळे, केळवे रोड स्थानकातून रेल्वे एवढेच पर्याय उरतात.

बाइकपॅकिंगला काय लागते?

नाव नवे असले, तरी प्रकार जुना आहे. १९२३ मध्ये मुंबईहून निघालेले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे पारशी तरुण सायकलवरून जगभर फिरून १९२८ मध्ये परतले. त्यांनी सुमारे ७१ हजार किलोमीटर कापले, तेही साध्या, गिअर नसलेल्या सायकलींवर. आजच्या बाइकपॅकिंगमध्ये फरक एवढाच, की लोखंडी कॅरियर आणि मोठ्या झोळ्यांऐवजी हँडलला, फ्रेमच्या त्रिकोणात आणि सीटखाली अशा तीन पिशव्या घट्ट बांधतात. वजन सायकलच्या मध्याजवळ राहते आणि कच्च्या रस्त्यावर सायकल डोलत नाही.

विरार ते केळवे अशा दोन दिवसांच्या फेरीसाठी आठ किलोंपेक्षा जास्त सामान लागत नाही. एक जोडी कपडे, पंक्चरचे साहित्य, जादा ट्यूब, पुढचा-मागचा दिवा, रेनकोट, पाणी आणि मोबाइलची पॉवर बँक. जड वस्तू फ्रेमच्या पिशवीत, हलके कपडे सीटखाली. तंबूची गरज बहुधा पडत नाही, कारण केळव्यात घरगुती राहण्या-जेवणाची सोय मिळते. तंबू नेलाच, तर तो कुठे लावतो हे महत्त्वाचे. वसईचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, तुंगारेश्वर हे अभयारण्य आहे. दोन्ही ठिकाणी परवानगीविना रात्र काढणे किंवा चूल पेटवणे चालत नाही.

किनाऱ्यावर धोका कशाचा?

सर्वांत मोठा धोका भरतीचा. दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. किनारपट्टीवर एक जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा हिशेब ढोबळ आहे. निघण्याआधी भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी जास्त वर चढते आणि ओहोटीला जास्त मागे जाते. अष्टमीच्या आसपासच्या भांगेला हा फरक कमी असतो. उधाणाच्या दिवशी ओहोटीला किनारा रुंद आणि मोहक दिसतो, पण पाणी परत येते तेही जोराने. या पट्ट्यात वाळूवर नेलेल्या मोटारी रुतून भरतीत अडकल्याच्या घटना घडल्या आहेत. खाडीच्या मुखाशी वाळूखाली गाळ असतो. तिथे जाड टायरही वाचवत नाही. ओहोटी सुरू असतानाच निघावे आणि पाणी वळण्याआधी रस्त्यावर यावे, हा साधा नियम पुरेसा आहे.

दुसरे भान किनारा वापरणाऱ्या इतरांचे. अर्नाळा, पाचूबंदर इथे किनारा म्हणजे कोळी कुटुंबांचे कामाचे अंगण आहे. तिथे मासळी सुकते, जाळी पसरलेली असतात. त्यावरून चाक नेणे म्हणजे कुणाच्या तरी रोजीवरून जाणे. थंडीत भुईगावसारख्या किनाऱ्यांवर कुरव, चिखल्या असे पक्षी विसाव्याला येतात. थव्यातून सायकल नेली, की ते पुन्हा पुन्हा उडतात आणि त्यांची ताकद वाया जाते. थोडा वळसा घालून गेले, तर कुणाचेच बिघडत नाही.

जुन्या व्हॅनचे फिरते घर करता येते का?

येते, पण मनाला येईल तसे नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रात उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ही बाब स्पष्ट केली. कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरणही आणले. म्हणजे कायदेशीर वाट आहे, पण ती आधी आरटीओच्या दारातून जाते, गॅरेजच्या नव्हे.

सीट कायमचे काढणे, छप्पर कापणे, पक्की वायरिंग किंवा गॅसची शेगडी बसवणे हे सर्व बदल ठरू शकतात. अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. सीट दुमडून त्यावर टाकलेली गादी, सुटी पेटी, बॅटरीवरचा दिवा हे मात्र सामान आहे. सायकल मागच्या रॅकवर लावली, तर नंबरप्लेट आणि दिवे झाकले जाऊ नयेत. बंद गाडीत गॅस किंवा कोळसा कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो.

ई-फॅट बाइकला परवाना लागतो का?

मोटरची क्षमता २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर अशी मान्यताप्राप्त सायकल मोटार वाहन मानली जात नाही. जाड टायरच्या अनेक ई-बाइकची मोटर मात्र याहून ताकदीची असते. तिला नोंदणी, विमा, परवाना आणि हेल्मेट हे सर्व लागते. विक्रेता ‘काही लागत नाही’ म्हणाला, तर मोटरची क्षमता बिलावर लिहून घ्यावी.

मग घ्यावे काय?

घरापासून पाच मिनिटांवर वाळू असेल आणि वाळूतच फिरायचे असेल, तर फॅट बाइक आनंद देते. वसई ते केळवे अशी भटकंती करायची असेल, तर दोन इंची टायरची, गिअर असलेली साधी सायकल अधिक उपयोगी. ती घरातच पडून असेल, तर नवे टायर, ब्रेकचे रबर आणि तीन पिशव्या एवढा खर्च पुरतो. व्हॅनचा विचार त्यानंतर, तोही आरटीओकडे विचारणा करून. केळव्याची पहिली फेरी जुन्याच सायकलवर करून पाहावी. टायर कुठे कमी पडला, हे रस्ताच सांगेल. पैसे त्यानंतर काढावेत.