हवा तुटली की घट्ट

नट-बोल्टची पकड टिकते ती घर्षणावर. पाना लावून बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि आट्यांच्या एका बाजूच्या कडा एकमेकींवर दाबून बसतात. दुसऱ्या बाजूला बारीक फट राहते. ती नसती तर नट फिरलाच नसता. यंत्र थरथरायला लागलं, जोड आडवा हलायला लागला, की त्या फटीएवढी जागा मिळून आटे सरकतात. घर्षण क्षणभर सुटतं आणि कोणी हात न लावता नट उलटा फिरू लागतो. पंप, कॉम्प्रेसर, ट्रकचं इंजिन, यंत्रमाग, सगळ्यांना हे दुखणं. त्यावर स्प्रिंग वॉशर, चेकनट, स्प्लिट पिन असे उपाय वर्षानुवर्षं चालत आले. वेल्डिंग केलं तर बोल्ट पुन्हा निघणार नाही, आणि उष्णतेनं नाजूक भाग वाकेल ही भीती वेगळीच.

गंमत अशी की या दुखण्यावरचं औषध एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आधीच सापडलं होतं, पण ते बाहेर काढता येत नव्हतं.

1940 च्या दशकात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये बर्नेट आणि नॉर्डलँडर हे दोन संशोधक अ‍ॅक्रिलिक कुळातल्या एका पातळ द्रवावर काम करत होते. तो तापवून त्यातून हवा सोडली, की द्रव ऑक्सिजन शोषून घेई. हवेचे बुडबुडे चालू असेपर्यंत तो पाण्यासारखा वाहता. हवा बंद केली की थिजून घट्ट प्लास्टिक व्हायचा. आपल्या ओळखीच्या गोंदाच्या अगदी उलट. गोंद हवेत वाळतो, हा हवा तुटल्यावर गोठतो.

असा पदार्थ विकायचा कसा? डब्यात भरून झाकण लावलं की डबाच दगड. वाहता ठेवायचा तर हवेचा पंप सतत चालू हवा. कंपनीला त्याचा धंदा काही जमला नाही.

तिथेच रॉबर्ट क्रिबल नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ नोकरीला होते. त्यांनी ही हकिकत वडिलांच्या कानावर घातली. वडील व्हर्नन क्रिबल हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक, जन्म 1885 चा. म्हणजे लोक निवृत्तीचा हिशोब मांडतात त्या वयाचे. मला या कथेतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती त्यांची नजर. इतरांना हवेविना गोठणं हा त्या द्रवाचा दोष वाटत होता. क्रिबलना तोच गुण दिसला. आवळलेल्या नट-बोल्टच्या फटीत द्रव भरला की हवा उरतच नाही! बाहेर वाहता आणि आट्यांत शिरल्यावर घट्ट असा पदार्थ तर कारखान्यांना हवाच होता. प्रश्न उरला फक्त बाटलीचा. पंपाशिवाय त्याला वाहता कसा ठेवायचा?

उत्तर त्यांनी रसायनातच शोधलं. द्रवात हवा घुसळण्याऐवजी त्यांनी क्युमीन हायड्रोपेरॉक्साइडसारखं तयार पेरॉक्साइड अगदी थोड्या प्रमाणात मिसळलं. नेहमीच्या तापमानाला ते स्वस्थ राहतं. पण लोखंड किंवा तांब्याचा स्पर्श झाला की फुटतं आणि त्यातून फ्री रॅडिकल बाहेर पडतात. हे रॅडिकल द्रवाच्या रेणूंना एकमेकांशी जोडत जाळं विणायला लागतात. जवळपास ऑक्सिजन असेल तर तो रॅडिकलना आधीच पकडून निकामी करतो आणि विणकाम थांबतं. म्हणून दोन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात: धातू हवा आणि हवा नको. या दोन्ही अटी आट्यांच्या फटीत आपोआप पुऱ्या होतात. भट्टी नको, तापवणं नको, दाब देणारं यंत्र नको. बाटलीसाठीही तोड निघाली. पॉलिथिनमधून ऑक्सिजन थोडा थोडा आत झिरपतो, म्हणून प्लास्टिकची बाटली, आणि तीही गळ्यापर्यंत न भरता वर हवेला जागा सोडून. आजही या गोंदाची नवी बाटली अर्धवट भरलेली दिसते. गिऱ्हाइकाला माल कमी दिल्यासारखा वाटतो, पण त्या रिकाम्या जागेवरच आतला माल जिवंत असतो.

1953 साली अमेरिकन सीलंट्स ही कंपनी निघाली. मालाला ‘लॉकटाइट’ हे नाव दिलं रॉबर्टच्या पत्नी नॅन्सी यांनी. 26 जुलै 1956 रोजी न्यू यॉर्कमध्ये तो लोकांपुढे आला आणि 1959 मध्ये व्हर्नन क्रिबलना पेटंट मिळालं. 1964 साली ते गेले.

पुढे 1969 मध्ये जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी बोल्ट आडवे हलवणारं परीक्षा-यंत्र वापरून दाखवून दिलं, की आडव्या हालचालीपुढे आट्यांतलं घर्षण कसं हरतं. स्प्रिंग वॉशर अशा परीक्षेत फारसा टिकत नाही. आट्यांमधली फटच गोठलेल्या प्लास्टिकनं भरली असेल, तर सरकायला जागाच उरत नाही. म्हणजे क्रिबलनी ज्या जागी औषध घातलं, दुखण्याचं मूळ नेमकं तिथेच होतं, आणि ते सिद्ध झालं औषधानंतर तेरा वर्षांनी.

चांगला फिटर हे काम करतो तेव्हा जवळून पाहावं. बोल्टवरचं तेल-ग्रीस तो आधी पुसून काढतो, जिथे नट बसणार तिथल्याच आट्यांवर थेंब सोडतो आणि नट आवळतो. कडेला जास्तीचा द्रव डोकावतो. तो तासाभरानंतरही ओलाच असतो, कारण त्याला हवा लागलेली असते; चिंधीनं पुसला की गेला. आतला मात्र तोवर धरलेला असतो. पुढे जोड खोलायचा झाला तर निळा, मध्यम ताकदीचा गोंद साध्या पान्याला दाद देतो. लाल, जास्त ताकदीचा असेल तर जोडाला अडीचशे अंशांच्या आसपास तापवून, गरम असतानाच पाना लावावा लागतो.

अडचण येते ती स्टेनलेस स्टीलच्या आणि झिंक चढवलेल्या बोल्टांशी. त्यांच्या पृष्ठभागावर पेरॉक्साइडला फोडणारा धातू जवळजवळ उघडा नसतो, म्हणून गोंद उशिरा आणि कमजोर धरतो. ‘माल खराब निघाला’ म्हणून बाटली परत करण्याआधी बोल्ट कशाचा आहे ते पाहावं. अशा बोल्टला तांब्याचे क्षार असलेला प्रायमर आधी फवारतात, तो वाळू देतात आणि मग थेंब सोडतात.