काळीचा वाफसा

मुलांनो, पावसाळ्यात काळ्या रानातून शाळेला येताना तुमची चप्पल कधी चिखलात रुतून बसली आहे का? पाय वर येतो आणि चप्पल खालीच! आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या शाळेत तेव्हा रोज दोन-चार जण तरी चपला हातात घेऊन येतात. उन्हाळ्यात याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

या मातीत आम्ही निशिगंध लावला, त्याची ही हकिकत. निशिगंध म्हणजे गुलछडी, हाराला लागते ती. मूळची मेक्सिकोची, कांद्यासारख्या कंदापासून उगवते. पहिल्या वर्षी मुलांनी घरून चाळीस कंद आणले. जूनमध्ये चांगला पाऊस पडला. माती मऊ झाली असं वाटून मी लगेच सगळ्यांना कुदळी, खुरपी दिली. वाटेने जाणारे एक आजोबा थांबून म्हणाले, "बाई, वल्ल्या काळीत कुदळ कशाला घालायलात?" मी हसून सोडून दिलं. डी. एड. झालेली ना मी!

महिना गेला, कोंब दिसेना. उकरून पाहिलं तर कंद कुजलेले, घाण वास. चौथीतल्या एका मुलीने आजीच्या अंगणातून हट्टाने कंद मागून आणला होता. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. त्या संध्याकाळी मी आजोबांचं घर शोधत गेले.

कंद का कुजले? आपली काळी माती बसाल्ट नावाच्या काळ्या पाषाणाची झालेली. हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. एका मिलिमीटरचे पाचशे भाग करा. या मातीतल्या चिकणकणांचा आकार त्यातल्या एका भागाहूनही लहान! हे कण पाणी प्यायले की फुगतात, वाळले की आकसतात. फुगलेल्या मातीत हवेला जागा उरत नाही, आणि कंदालाही श्वास लागतो बरं का. त्यात आम्ही ओली माती तुडवून आणखी दाबली. पुढे वाळली तेव्हा विटेसारखी ढेकळं झाली.

आजोबा म्हणाले, "वाफसा बघा, मग हात लावा." वाफसा म्हणजे माती फार ओली नाही, फार कोरडी नाही अशी वेळ. तुम्हीही पाहा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. तसाच राहिला तर अजून थांबा. गोळाच होत नसेल तर माती कोरडी. पडून भुसभुशीत फुटला की वाफसा आला!

दुसऱ्या वर्षी मार्चमध्येच पाणी सोडलं, वाफसा आल्यावर फूटभर खणलं आणि ढेकळं उन्हात तापू दिली. मी वाळू घालणार होते. आजोबांनी हाणून पाडलं. थोडीशी वाळू चिकणमातीत मिसळून उलट घट्ट बसते. त्याऐवजी चांगलं कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत घातलं. ताजं शेण नको, त्याने हुमणी येते. मग वीतभर उंच गादीवाफे केले, कडेने चर काढले. अर्धापूर, वसमतकडे हळदीची रानं पाहिलीत? हळदही जमिनीत पोसते, म्हणून तीही अशीच उंचावर लावतात. (पालकांनो, कुंडीतही नुसती काळी भरू नका. वाळली की कडा सोडते आणि पाणी बाजूने निघून जातं.)

एप्रिलमध्ये कंद लावले. त्या मुलीने आजीकडून पुन्हा एक आणला. सुट्टीत गावातल्या मुलांनी पाळीपाळीने पाणी घातलं, तेही बेताने.

जुलैत दोन दिवस झड लागली. मधल्या सुट्टीत सगळे वाफ्यांकडे पळाले. चरातून गढूळ पाणी वाहत होतं आणि वाफ्यावर कोंब ताठ उभे होते. पोळ्याच्या सुमारास पहिली दांडी फुलली. आजीच्या कंदाची नव्हे, तिची आठ दिवसांनी आली. सहा कंद मात्र गेलेच. नळाजवळच्या कोपऱ्यातले ते, तिथला चर उथळ राहिला होता. यंदा तो आधी खोल करायचा आहे.