दुपारपाळी, खर्डी

दुपारी ४ : चार्ज घेतला, लॉगशीटवर सही केली आणि आधी बॅटरीरूम गाठली. मे महिन्यात खर्डीच्या उन्हानं सेलमधलं पाणी भराभर आटतं. तीन सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर घातलं, हायड्रोमीटर बुडवून पाहिला. बॅटरीनं दगा दिला तर ब्रेकर उघडत नाही. माझ्या लेखी सबस्टेशनचा जीव तिथे आहे.

५ : रीडिंग. कसाऱ्याकडून ढग उतरतायत.

५.५० : वळवाचं वारं सुटलं आणि ब्रेकर धाडकन उघडला. २२ केव्हीचा फीडर गेला. रिलेवर ओव्हरकरंटचा फ्लॅग, करंट हजार अँपिअरच्याही आत. लाईनमनदादांचा फोन आला, उंबरमाळीच्या बाजूला सागाची फांदी तारांवर आडवी पडलीय. फीडर वेगळा करून अर्थ केला, मग परमिट दिलं.

६.१५ : आमच्याकडे मैलोन्मैल तारच फॉल्ट करंटला आवर घालते. पडघ्यासारख्या ४०० केव्हीच्या उपकेंद्रात अनेक लाईनी एकत्र येतात, फॉल्टकडे सगळीकडून करंट धावतो. अशा ठिकाणी ४० हजार, ६३ हजार अँपिअर तोडणारे ब्रेकर लागतात. फॉल्ट करंट दाबणारा सुपरकंडक्टिंग लिमिटर हवा तो तिथे. १९११ साली लायडनमध्ये कामरलिंग ओनेस यांना अतिथंड पाऱ्याचा रोध शून्य झालेला दिसला. लिमिटरमधल्या आजच्या सुपरकंडक्टिंग पट्ट्यांना उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन पुरतो. नेहमीच्या करंटला पट्टी अडवत नाही. मर्यादा ओलांडली की काही मिलिसेकंदांत तीच रोध बनते, रिलेच्या हुकमासाठी थांबत नाही. ब्रेकर उघडेपर्यंत पहिला तडाखा ट्रान्स्फॉर्मरनं सोसलेला असतो. तोच तडाखा ही पट्टी अडवते. जर्मनीत एसेन शहरात २०१४ साली १० केव्हीच्या सुपरकंडक्टिंग केबलसोबत असा लिमिटर बसला.

७.१० : "माणसं खाली आहेत, अर्थ काढले." परमिट परत. ट्रायल घेतली, अँमीटरचा काटा उसळला आणि खाली बसला. सगळ्या डीपींचे ट्रान्स्फॉर्मर एकदम चार्ज होतानाचा हा हिसका फॉल्ट नव्हे, हे लिमिटरला कळायला हवं. एकदा तापलेली पट्टी ट्रायलच्या आत पुन्हा थंडही व्हायला हवी. आणि नायट्रोजन गार ठेवणारं यंत्र रात्री बंद पडलं तर दुरुस्त करणारा माणूस जवळ हवा.

८.२५ : पाड्यावरून एका ताईंचा फोन. "भाऊ, तार तुटून कातळावर पडलीय. ठिणग्या उडतायत."

पॅनलकडे पाहिलं. फीडर चालू, रिले गप्प. कोरड्या कातळातून करंट इतका थोडा जातो की रिलेला तो एखाद्या गिरणीचा लोड वाटतो. हातानं ब्रेकर उघडला. "ताई, कुणाला जवळ जाऊ देऊ नका. गुरंही नकोत."

माझं सांगणं इथेच आहे. वर कुठे लिमिटर बसवून करंट दाबला, तर खालच्या रिलेला फॉल्टही थोडका दिसेल, म्हणून त्याची सेटिंग त्याच दिवशी तपासली पाहिजे. आणि खर्डीच्या फीडरला आधी हवा तो असा थोडका करंट ओळखणारा रिले. आज ते काम ताईंच्या डोळ्यांनी केलं.

११.१० : तार जोडली, फीडर चालू.

१२ : चार्ज दिला. लॉगशीटवर ८.२५ समोर फ्लॅगच्या रकान्यात लिहिलं : नाही.